केसरबाईंच्या सुनेचा नंबर

१

केसरबाई गवळींच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. त्या कुरडयांच्या कडेला, पुंडलिकनगरच्या उन्हात, राजाभाऊ तुपे हातात एक रंगीत कागद धरून उभे होते. केसरबाईंच्या कुरडई-पापड उद्योगाची वेबसाईट कशी दिसेल, त्याचा तो नमुना होता.

"आता त्याचं काय करू भाऊ?" केसरबाई म्हणाल्या. "आमची वेबसाईट ठरली की. सोनियानं कालच पैसे पाठवले."

"कोणाला?"

"तुमच्याच माणसांना. हिंदीत बोलत होती म्हणं. सोनिया म्हणाली, आई, घासाघीस करून निम्म्यात बसवलं." राजाभाऊंचा चेहरा पाहून केसरबाई थांबल्या. "का हो, तुमची नव्हती का ती माणसं?"

राजाभाऊंनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "नव्हती," एवढेच ते म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. गेल्याच आठवड्यात ते याच गच्चीवर आले होते. उद्योगाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, असे त्यांनी विचारले होते आणि केसरबाईंनी कौतुकाने सांगितले होते, "सुनेच्या. सोनिया पुण्याला असते, पण कागदपत्रं सगळी तिचीच." मग आपल्या मोबाईलमधून सोनियाचा नंबर काढून तो त्यांना वाचून दाखवला होता. किती वर्षांनी कोणीतरी आपल्याशी असे सरळ बोलले, असे त्या दिवशी त्यांना वाटले होते.

राजाभाऊ पूर्वी लग्नपत्रिका छापत. पत्रिका मोबाईलवर जाऊ लागल्या तशी मशीन बंद पडली, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी गारखेड्यात दोन खोल्या घेऊन वेबसाईट बनवण्याचे काम सुरू केले. हे काम फोनवर चालते. ज्याने तुम्हाला बोलावले नाही, ज्याला तुमचे नावही ठाऊक नाही, अशा माणसाला फोन करायचा आणि त्याने फोन ठेवायच्या आत त्याला आपली गरज पटवायची. बहुतेक जण ठेवतातच. एखादाच म्हणतो, "या, बघू." त्या एखाद्यावर सगळे ऑफिस जगते.

आणि होळीपासून नेमके तेच जात होते. 'या, बघू' म्हणणारा माणूस, राजाभाऊंचा माणूस भेटायला पोहोचेपर्यंत, दुसऱ्या कोणाचा तरी झालेला असायचा. 'नको' म्हणणाऱ्यांना कोणी हात लावत नव्हते. पिकलेलीच फळे उचलली जात होती, म्हणजे चोर आतला होता.

चोर कोण, हेही राजाभाऊंनी ठरवून टाकले होते. फोन करणारी रूपा साळवे. मागच्या पंधरवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर तिला सांगितले, "उद्यापासून येऊ नकोस." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता, एक शब्द बोलली नव्हती. त्या गप्प राहण्यालाच त्यांनी कबुली मानले. पुढे जालना रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. रिसेप्शनसाठी रूपाने अर्ज केला होता. "तुमच्याकडे होती ना? कशी आहे मुलगी?"

"कामाला चांगली आहे," राजाभाऊ म्हणाले होते. "बाकी मला सांगता यायचं नाही."

"समजलो," तो माणूस म्हणाला होता.

आता रूपा नव्हती, तरीही केसरबाईंचे काम हातचे गेले होते. स्कूटरला किल्ली लावताना राजाभाऊंचा हात थांबला. रूपा चोर नसेल, तर त्या दवाखान्याला आपण काय सांगून बसलो?

२

ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या बाजूला मुक्ताबाई रोजेकर राहत. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. शेवटची वर्षे त्या तक्रार कक्षाच्या अधिकारी होत्या. कोणाला धमक्यांचे फोन येत, कोणाला घाणेरडे, कोणाला नुसतेच वाजून बंद पडणारे. ते कुठून येतात हे शोधायचे त्यांचे काम. निवृत्तीनंतर त्या वाचनालयातली पुस्तके आणि कुंड्या यांत रमल्या होत्या. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणे त्यांना कधी जमले नाही. त्या कुंडीकडे बघून बोलत.

राजाभाऊंनी सगळे सांगितले. मुक्ताबाई मोगऱ्याची पिवळी पाने खुडत ऐकत होत्या.

"मला हे जमेल असं वाटत नाही, राजाभाऊ. माझे अंदाज खूप चुकलेत," त्या म्हणाल्या. "पण एक विचारू? तुमच्याकडे माणसं तीन. रूपा फोन करायची. धम्मपाल गिऱ्हाइकाला भेटायला जातो. तुमचा भाचा सार्थक नमुना बनवतो. गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर तिघांनाही कळतो ना?"

"कळतो."

"मग पहिला संशय रूपावरच का?"

"ती फोनवर असते. तिच्याकडे नंबर असतात."

"ते सार्थककडेही असतात."

सार्थक बहिणीचा मुलगा. रूपा पडेगावची, साळव्यांची. आपण हे असे कधी मनात मांडले नव्हते, असे राजाभाऊ स्वतःला सांगू लागले. आणि सांगता सांगता गप्प झाले.

मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. "दवाखाना ती जागा कधी भरणार आहे?"

"या आठवड्यात म्हणत होते."

"मग बसून चालणार नाही. आधी त्या दोघांशी बोलू. मी नुसती ऐकेन. तुम्ही मात्र रागावू नका."

त्या चपला घालून जिना चढू लागल्या. वर ऑफिसचे दार अर्धवट उघडे होते आणि आतून सार्थकचा दबका आवाज येत होता. "नाही, मामांना अजून कळलेलं नाही. कळायच्या आत उरकून टाकू."

३

राजाभाऊंनी दार ढकलले. सार्थकने फोन खाली ठेवला, पण उशीर झाला होता.

"काय उरकायचंय?" राजाभाऊंनी विचारले. आवाज चढू नये म्हणून त्यांना कष्ट पडले.

सार्थकने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मामा, पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत दिली मी. ते बोलावतायत."

"गिऱ्हाइकं त्यांनाच देत होतास?"

"ते बँकांची सॉफ्टवेअर करतात मामा. पापडवाल्या बाईंचं त्यांना काय करायचंय? आणि इथं राहून मी काय करू? तुम्हीच सांगा. महिनाभर मी नमुने बनवतोय आणि एकही खरं होत नाही. घरी आई विचारते, कसं चाललंय. मी म्हणतो, मस्त."

मुक्ताबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "केसरबाईंना फोन तूच केला होतास ना रे? त्या लगेच कशा तयार झाल्या?"

"रूपाताईंनी शिकवलं होतं तसाच केला."

तेवढ्यात धम्मपाल आला. उंच, सावळा, हेल्मेट काखेत. मुक्ताबाईंना पाहून त्याने नमस्कार केला आणि राजाभाऊंकडे वळला. "आता माझी पाळी का सर?"

"धम्मपाल, कोणी तुझ्यावर—"

"घ्या की संशय. रूपावर घेतला, माझ्यावर पण घ्या. एका वस्तीतली माणसं आम्ही, सोबतच चोऱ्या करत असू." तो हसला, पण त्या हसण्यात हसू नव्हते. "तुम्हाला सांगू का सर, त्या पोरीनं तुमच्यासाठी काय केलं? तुम्ही तिला पिवळ्या डिरेक्टरीतले नंबर द्यायचे. ती त्यातला एकपण लावत नव्हती. बसमधून येताना दुकानांच्या पाट्या वाचायची. पाटी नवी आणि नंबर जुना, म्हणजे माणूस टिकलेला आहे अन् आता खर्च करायला लागलाय. ज्याच्या दुकानाचे फोटो गिऱ्हाइकंच मोबाईलवर टाकतात, त्याला पहिला फोन. ज्याची पोरगी पुण्याला शिकते, त्याला दुसरा, कारण पोरगी घरी येऊन बापाला लाज आणते. बोहनी व्हायच्या आत कोणाला फोन नाही. हॉटेलवाल्याला दुपारची गर्दी उतरल्यावर. ही अक्कल विकायची असती, तर तिनं तुम्हालाच विकली नसती का, पगार वाढवून?"

राजाभाऊ खुर्चीत बसले. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते.

"तुम्ही भेटीला जाता तेव्हा बरोबर काय नेता?" मुक्ताबाईंनी धम्मपालला विचारले.

"सार्थकचा नमुना. अन् नाव." त्यांना कळले नाही असे पाहून धम्मपालने समजावले, "वेबसाईटचं नाव असतं ना मावशी, पत्ता म्हणा. ते आधी घ्यावं लागतं, गाडीच्या नंबरासारखं. आमचे सर ते भेटीच्या आधीच घेऊन ठेवतात, स्वतःच्या पैशानं, गिऱ्हाइकाच्याच नावानं. मी जाऊन सांगतो, हे बघा, नाव तुमचं झालं, आम्हाला काम द्या नायतर नका देऊ. बाकीचे कंपनीवाले नाव स्वतःच्या ताब्यात ठेवतात अन् मग गिऱ्हाइकाला नाचवतात. सर तसं करत नाहीत. तेवढ्यासाठीच टिकलोय मी इथं. टिकलो होतो म्हणा."

"होतो म्हणजे?"

धम्मपालने हेल्मेट टेबलावर ठेवले. "रूपा चोर ठरली, तर उद्यापासून मीपण येणार नाही, सर."

४

फर्दापूरला शिवराज जंजाळ यांचे लॉज होते. लेणी बघायला येणाऱ्यांचा मुक्काम तिथे पडतो. रूपाने मिळवलेले आणि हातचे गेलेले ते पहिले मोठे गिऱ्हाईक. राजाभाऊंनी फोन लावला आणि आवाज मोठा करून मुक्ताबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांना अनोळखी माणसाशी बोलायचा संकोच होता. दोनदा घसा साफ केला, मग बोलल्या.

"तुपेंच्या ऑफिसातून का?" पलीकडून शिवराज म्हणाले. "बाई, एक काम करा. माझा नंबर तुमच्या वहीतून खोडा. तुमच्या पोरीशी गोड बोललो, तर दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फोन. नोएडा म्हणू नका, इंदूर म्हणू नका. सर, आपको वेबसाइट बनानी है? मी म्हणालो, तुला कोणी सांगितलं बाबा? शेवटी एकाला पैसे देऊन टाकले, म्हटलं बाकीचे तरी थांबतील."

"थांबले?"

"कुठले. अन् ज्याला दिले तो आता फोनच उचलत नाय."

"एक विचारते. त्यातला कोणी तुपेंचं नाव घ्यायचा का? किंवा लॉजच्या भाड्याचं, खोल्यांचं काही?"

"छे. त्यांना लॉज आहे हे पण नीट माहीत नव्हतं. एक जण मला विचारतो, आपका बिजनेस क्या है?"

मुक्ताबाईंनी फोन ठेवला आणि मनात ताडून पाहिले. आतला माणूस खबर विकत असता, तर धंदा काय हे सांगितल्याशिवाय कशी विकली असती? राजाभाऊंना मात्र त्यातून काहीच उलगडेना. त्यांना फक्त 'तुमच्या पोरीशी' हे शब्द ऐकू येत होते.

"ज्याला कोणीच फोन केला नाही, असं एखादं गिऱ्हाईक आहे का?" मुक्ताबाईंनी विचारले.

एकच होते. पडेगावला कडूबा आहेर यांची रोपवाटिका. रूपानेच फोन केला होता, धम्मपाल जाऊन आला होता, सार्थकने नमुना केला होता. काम मात्र अडून बसले होते.

संध्याकाळच्या आत दोघे रिक्षाने तिथे पोहोचले. दौलताबाद रस्त्याच्या कडेला जाळीखाली पेरूची, आंब्याची रोपे ओळीने मांडली होती. कडूबा पाईपने पाणी घालत होते.

"फोन? नाय ओ. मला कोण कशाला करील?" ते म्हणाले. "तुमची ती रूपा, इथलीच पोरगी, तिचाच तेवढा आला व्हता. लई गोड बोलती. आता का नाय करत?"

राजाभाऊंनी रोपांकडे पाहिले.

"तुमचं काम का अडलं?" मुक्ताबाईंनी विचारले.

"आता काय सांगावं बाई. नावच ठरंना. थोरला म्हणतो, आहेर मळा ठेवा. धाकटा म्हणतो, मळा म्हणल्यावर लोक भाजी मागत्याल, नर्सरी म्हणा. दोघं एका ताटात जेवत नाय सध्या त्याच्यापायी. ह्या पाण्याच्या पाईपावरून भांडले नाय तेवढे नावावरून भांडले." कडूबा हसले. "ठरलं की सांगतो म्हणलं धम्मपालला."

रिक्षात परतताना मुक्ताबाईंनी एकच काम सांगितले. "केसरबाईंच्या सुनेला फोन लावा. आणि एवढंच विचारा, ते फोन कोणत्या नंबरावर आले."

"त्यानं काय होणार?"

"खात्यात असताना लोक मला सांगायचे, कोणी फोन केला, काय बोलला, किती वाजता केला. कोणाच्या नंबरावर आला, हे कोणी सांगत नसे. अन् माग तिथूनच लागायचा. पण माझं चुकत असेल."

राजाभाऊंनी फोन लावला. पुण्याहून सोनिया बोलली, घाईत होती.

"माझ्याच नंबरावर आले सगळे," ती म्हणाली. "आईंच्या मोबाईलवर एकही नाही. त्याचंच मला नवल वाटलं. तुमच्या ऑफिसशी मी तर कधी बोललेच नव्हते."

५

ऑफिसात चौघे बसले होते. बाहेर गारखेड्याची रहदारी चालू होती. मुक्ताबाई टेबलावरच्या पेनच्या टोपणाकडे बघत बोलू लागल्या.

"मी मोठ्याने विचार करते. कुठं चुकलं तर थांबवा. शिवराज जंजाळांना फोन रूपाचा, भेट धम्मपालची, नमुना सार्थकचा. कडूबांनाही फोन रूपाचा, भेट धम्मपालची, नमुना सार्थकचाच. एक गेला, दुसऱ्याकडे कोणी फिरकलं नाही. तिघांपैकी कोणी विकत असतं, तर कडूबा का सोडले असते? तेही तितकेच तयार होते."

"बरोबर," धम्मपाल म्हणाला.

"मग दोघांत फरक काय? कडूबांच्या वेबसाईटचं नाव ठरलेलं नाही. जे गेले, त्या सगळ्यांचं ठरलं होतं का?"

सार्थकने मान हलवली. "सगळ्यांचं."

"आता केसरबाई. सार्थकनं फोन केला तो केसरबाईंच्या मोबाईलवर. भेट झाली ती केसरबाईंशी. ऑफिसातल्या नोंदीत नंबर केसरबाईंचा. आणि बाहेरचे सगळे फोन गेले सोनियाकडे. सार्थक, तुला सोनियाचा नंबर माहीत होता?"

"नाही. सून आहे हेच आत्ता कळलं."

"धम्मपाल?"

"मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो. सर स्वतः गेले."

"रूपा तर तेव्हा नव्हतीच." मुक्ताबाईंचा आवाज फार हळू झाला. "राजाभाऊ, सोनियाचा नंबर केसरबाईंनी कोणाला दिला?"

"मला."

"तुम्ही तो पुढे कोणाला दिलात?"

"कोणालाच नाही. शपथेवर सांगतो." राजाभाऊ खुर्चीतून पुढे सरकले. "तुम्ही मला चोर म्हणताय का, ताई?"

"नाही. मी एवढंच विचारते की त्या नंबराचं तुम्ही केलंत काय."

राजाभाऊंनी आठवले. गच्चीवरून खाली उतरून, स्कूटरवर बसूनच, मोबाईलवर त्यांनी वेबसाईटचे नाव घेऊन टाकले होते. मालकाचे नाव विचारले होते, तिथे सोनिया गवळी. मालकाचा फोन विचारला होता, तिथे सोनियाचा. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाच्या नावावर. त्यांच्या छापखान्याचे नाव एका कंपनीने असेच अडकवून ठेवले होते, तेव्हापासूनचा त्यांचा तो नेम होता.

"आणि काय विचारलं होतं तिथं?"

"खाली एक चौकट असते. मालकाची माहिती लपवायची का, म्हणून. मी 'नाही' करतो. नेहमीच." त्यांना स्वतःचेच बोलणे परके वाटले. "म्हटलं, लपवायचं काय? आपण काय चोर आहोत?"

सार्थकने मधेच संगणक पुढे ओढला. त्याने केसरबाईंच्या वेबसाईटचे नाव टाकले, कोणालाही उघडता येईल अशा एका पानावर गेला आणि पडदा सगळ्यांकडे वळवला. सोनिया गवळी. खाली पत्ता. त्याखाली तिचा मोबाईल नंबर. मग त्याने फर्दापूरच्या लॉजचे नाव टाकले. शिवराज जंजाळ, आणि त्यांचा नंबर.

"रोज जेवढी नवी नावं घेतली जातात, तेवढी काही लोकं गोळा करतात," तो पुटपुटला. "नवं नाव घेतलं म्हणजे ह्याला वेबसाईट हवी. याहून पिकलेलं गिऱ्हाईक कुठं मिळणार? नंबरसकट विकत असतील ते, फोन करणाऱ्यांना. नवी गाडी घेतली की विम्याचे फोन येतात ना, तसं."

"तुला माहीत होतं?" धम्मपालने विचारले.

"नावं मामाच घ्यायचे. ते पान मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. कशाला पाहीन?"

रूपा पाट्या वाचून, वेळ साधून, गोड बोलून एकेक माणूस मिळवत होती, आणि राजाभाऊ स्वतःच्या पैशाने त्याचा पत्ता चव्हाट्यावर टांगत होते. चोरी झालीच नव्हती. त्यांनी वाटून टाकले होते.

"माझं चुकलं असतं तर बरं झालं असतं," मुक्ताबाई टोपणाकडे बघतच म्हणाल्या.

राजाभाऊ उठले. "ती चौकट आता बदल," ते सार्थकला म्हणाले. "सगळ्यांची." मग त्यांच्या लक्षात आले की जी माहिती गेली ती गेली. ती आता कोणत्याही चौकटीत परत येणार नव्हती.

६

सकाळी ते पडेगावला गेले तेव्हा रूपा नळावर पाणी भरत होती. तिने त्यांना पाहिले, हंडा भरेपर्यंत थांबली, मग घरात आली. खोलीत तिची सासू भागूबाई तांदूळ निवडत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याखाली एक खुर्ची. रूपाने ती पुढे सरकवली. "बसा सर."

राजाभाऊंनी सगळे सांगितले. काही गाळले नाही. चौकटीचेही नाही. रूपा उभी राहूनच ऐकत होती.

"म्हणजे मी नव्हते," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतीस."

"ते मला माहीत होतं सर. तुम्हाला आता कळलं."

"रूपा, तू परत ये. पगार वाढवतो. तू गिऱ्हाईक कशी शोधायचीस ते मला धम्मपालनं सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलंच नव्हतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता; राग असता तर राजाभाऊंना धरायला काहीतरी मिळाले असते. "त्या दिवशी सगळ्यांसमोर मला सांगितलंत, येऊ नकोस. त्याच्या आधी सार्थकला विचारलं होतं का? बाजूला घेऊन का होईना?"

"तू काहीच बोलली नाहीस," राजाभाऊ म्हणाले. "म्हणून मला वाटलं."

"काय बोलायचं असतं सर? मी चोर नाही, असं? दिवसभर अनोळखी माणसांना फोन करून मी एकच शिकले. ज्यानं ठेवायचं ठरवलंय, तो तुमचं ऐकत नसतो."

भागूबाईचा हात सुपात थांबला होता.

"दवाखान्यातल्या आयाबाईनं सांगितलं मला, तुम्ही काय म्हणालात ते," रूपा म्हणाली. "बाकी सांगता यायचं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं."

"मी आत्ता फोन करतो त्यांना."

"करा. इथंच करा. आईंना ऐकू द्या."

राजाभाऊंनी नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे तोच माणूस होता. राजाभाऊंनी आपले नाव सांगितले, रूपाचे सांगितले. मग अडखळत म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी बोललो त्यात माझी चूक झाली. मुलगी अगदी सचोटीची आहे. चोरीबिरीचं काही नव्हतं. जे झालं ते माझ्या हातून झालं."

"चोरी?" तो माणूस म्हणाला. "अहो, जागा काल भरली. आणि चोरीचं कोण म्हणालं होतं? तुम्ही तर नुसतं सांगता यायचं नाही म्हणालात. आम्हाला वाटलं, रजा फार घेत असेल." तो जरा थांबला. "बरं झालं सांगितलंत. चोरीचं होतं होय."

"नाही, नाही, तेच मी सांगतोय, तसं काही—"

"कळलं, कळलं. पुन्हा जागा निघाली तर बघू," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

राजाभाऊंनी फोन खिशात घालायचा प्रयत्न केला, तो खिशाच्या कडेला अडकला. पुन्हा फोन लावावा का, लावून काय सांगावे, काहीही सांगितले तरी त्यातून आणखी काय निघेल, हे त्यांना कळेना.

भागूबाई सूप बाजूला ठेवून उठली. दारात आलेल्या माणसाला तिने आयुष्यात तसेच कधी जाऊ दिले नव्हते. "चहा टाकते," ती म्हणाली.

"नको आई," रूपा म्हणाली. "सर निघालेत."